कॉलेज निवडीची चाळणी आणि सरासरीचा धडा

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे पर्सेंटाइल हातात येते आणि घराघरांत मोबाईलवर कॉलेजांचा शोध सुरू होतो. जिल्हा निवडा, शाखा निवडा, फी निवडा, नॅकची ग्रेड निवडा. चार ठिकाणी टिक केली की भल्यामोठ्या यादीतून सात-आठ नावे उरतात. पालकांना वाटते, चला, काम सोपे झाले.

पण बघा, कोणकोणत्या टिका द्यायच्या, उरलेल्या नावांत वर कोणाला ठेवायचे आणि 'सरासरीपेक्षा चांगले' म्हणताना कोणती सरासरी धरायची, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. म्हणजे आपल्या मुलाच्या कॉलेजचा निम्मा निर्णय आपण मोबाईल हातात घेण्यापूर्वीच झालेला असतो. ही चाळणी आणि ही सरासरी कशी बनते ते शिक्षकांनी समजून घ्यावे, मुलांना शिकवावे आणि चांगल्या चाळणीची मागणीही करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

चाळणीत काय गळते?

पहिले उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच घेऊ. जयसिंगपूरच्या मुलीने 'जिल्हा: कोल्हापूर' अशी टिक केली, तर सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यादीतून गायब होते. १९४७ सालचे हे कॉलेज तिच्या घरापासून कोल्हापूर शहरापेक्षा कितीतरी जवळ आहे. रोज एसटीने जाऊन-येऊन शिकता येईल असे. पण मध्ये जिल्ह्याची हद्द आली ना! चंदगडच्या मुलाचे उलटे. त्याला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, पण 'राज्य: महाराष्ट्र' म्हटले की बेळगाव गेले. आणि बेळगाव दाखवले तरी तिथली प्रवेश परीक्षा वेगळी, आपल्या राज्याच्या फी-सवलतीही तशाच लागू होतील असे नाही, हेही सोबत सांगायला हवे. म्हणून जिल्ह्याची टिक नको, 'घरापासून किती किलोमीटर' ही टिक हवी. मुलगी एसटीने जाते, ती जिल्ह्याच्या नकाशावरून चालत नाही.

दुसरे, शाखा. इचलकरंजीत डीकेटीईची वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकी संस्था १९८२ पासून आहे. यंत्रमागाच्या गावातल्या मुलाने 'कॉम्प्युटर' एवढीच टिक केली तर वस्त्रोद्योगाची शाखा त्याला दिसतच नाही. त्याने ती घ्यावीच असे नव्हे. पण पाहून नाकारणे वेगळे आणि कधी दिसलेच नाही हे वेगळे.

तिसरे, फी. 'एक लाखापर्यंत' अशी मर्यादा घातली की एक लाख पाच हजारांचे कॉलेज बाद. बरे, ही छापील फी. प्रत्यक्षात घरातून जाणारी रक्कम वेगळीच असते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. आता विचार करा. अशा घरातली मुलगी छापील फीवर टिक करून चांगले कॉलेज आधीच वगळते. तिला तिथे शिक्षण शुल्क भरावेच लागले नसते! दुसऱ्या बाजूला खोलीभाडे, मेस आणि प्रवास या सवलतीत येत नाही, आणि तो आकडा साइटवर सहसा कुठेच नसतो.

ही गोष्ट कोल्हापूरकरांना तरी नव्याने सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली. खेड्यातले पोर शहरात राहील कुठे आणि जेवेल काय, हा प्रश्न सुटल्याशिवाय शाळा-कॉलेज असूनही त्याच्या उपयोगाचे नाही, हे त्यांनी ओळखले होते. सव्वाशे वर्षांनंतर आपल्या मोबाईलवरच्या चाळणीत 'वसतिगृह आहे का, मुलींसाठी किती जागा, महिन्याचा खर्च किती' ही टिक अजून शेवटी असते किंवा नसतेच.

चौथे, ग्रेड. नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते, एखाद्या शाखेचे नाही. शाखेसाठी एनबीएचे मानांकन वेगळे असते. त्यामुळे 'ए ग्रेड' पाहून एखादी शाखा चांगलीच आहे असे मानता येत नाही. आणि ज्या कॉलेजने माहिती भरलेलीच नाही त्याचे काय? बहुतेक चाळण्या त्याला गुपचूप वगळतात. माझ्या मते 'माहिती नाही' असे लिहून ते नाव खाली दाखवावे. वाईट असणे आणि माहिती नसणे यात फरक आहे.

कट-ऑफ ही भिंत नव्हे

सीईटीचा पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे आधी पालकांना सांगावे लागते. ८५ पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रातल्या साधारण ८५ टक्के परीक्षार्थींइतके किंवा त्यांच्यापेक्षा जास्त गुण. मग कट-ऑफची यादी. तिच्यात 'जीओपीईएनएच', 'एलओपीईएनएस' असले संकेत असतात. त्यातले पहिले अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी. शेवटचे एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरचे आणि एस म्हणजे राज्यस्तर. शिवाजी विद्यापीठाचे क्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा. तेव्हा एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे पाच-दहा वेगवेगळे कट-ऑफ असतात. साइटवर मात्र एकच आकडा ठळक दिसतो.

शिवाय तो आकडा मागच्या वर्षीच्या त्या फेरीत शेवटी प्रवेश मिळालेल्या मुलाचा असतो. यंदाची पात्रता त्यावरून ठरत नाही. त्यावर कडक चाळणी लावली की अर्ध्या गुणाने दूर असलेले कॉलेज दिसतही नाही आणि पसंतीक्रमात लिहायचे राहून जाते. चाळणीने इथे 'जवळपासची' कॉलेजे वेगळ्या रंगात दाखवायला हवीत.

सरासरी कुणाची?

आता सरासरीकडे येऊ. दहावीच्या गणित भाग १ मध्ये सांख्यिकीचे प्रकरण आहे. मध्य, मध्यक, बहुलक आपण गुणांसाठी शिकवतो आणि सोडून देतो. त्याचा खरा उपयोग इथे आहे. समजा, एका कॉलेजच्या दहा मुलांना नोकरी लागली. पगार लाखांत असे: २.४, २.५, २.५, ३, ३, ३, ३.५, ३.५, ४ आणि २२. बेरीज ४९.४, म्हणजे मध्य ४.९४ लाख. जाहिरातीत 'सरासरी पॅकेज जवळपास ५ लाख' असे येणार. पण दहापैकी नऊ मुले या सरासरीच्या खाली आहेत! मध्यक काढला तर ३ लाख. आपल्या मुलाला काय मिळेल याच्या जवळ जाणारा आकडा हा. चौकात लागलेल्या फ्लेक्सवर मात्र २२ लाखवाल्याचा फोटो असतो.

दुसरा खड्डा आणखी खोल आहे. एका कॉलेजात ६० मुले, वेळेत पदवी घेणारी ९० टक्के. दुसऱ्यात ५४० मुले, वेळेत पदवी घेणारी ५० टक्के. दोन कॉलेजांची सरासरी ७० टक्के. पण मुले मोजली तर ६०० पैकी ५४ अधिक २७०, म्हणजे ३२४. टक्केवारी ५४! साइटवर 'राज्याची सरासरी' अशी रेघ दिसली की मुलांनी पहिला प्रश्न विचारावा, ही सरासरी कॉलेजांची की विद्यार्थ्यांची?

तिसरा प्रश्न, कोणाकोणाची? आयआयटी आणि तालुक्याचे कॉलेज एकाच सरासरीत घातले तर तालुक्याचे कॉलेज कायम खाली. फक्त आपल्यासारख्यांशी तुलना केली तर कमजोर कॉलेजही 'सरासरीएवढे' ठरून निवांत बसते. म्हणून दोन रेघा हव्यात. एक त्याच प्रकारच्या कॉलेजांची आणि एक राज्यातल्या सगळ्यांची.

खरा तक्ता कुठे आहे?

एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची क्रमवारी, २०१६ पासून दरवर्षी जाहीर होते. तिचा क्रमांक सगळे बघतात, पण खरी उपयोगाची गोष्ट दुसरीच आहे. भाग घेणाऱ्या संस्थेने दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवायची असते. त्या तक्त्यात पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेले, थेट दुसऱ्या वर्षात आलेले, ठरलेल्या वेळेत पदवी मिळवलेले, नोकरी लागलेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक असे रकाने असतात.

समजा, तक्त्यात १८० प्रवेश, २० थेट दुसऱ्या वर्षात, वेळेत पदवी १२०, नोकरी ६० आणि उच्च शिक्षण १५ असे आहे. तेच कॉलेज म्हणू शकते, 'नोंदणी केलेल्या ६६ पैकी ६० जणांना नोकरी, ९१ टक्के प्लेसमेंट!' खोटे काही नाही. पण आत आलेल्या २०० पैकी नोकरी लागलेले ३० टक्केच. उच्च शिक्षणाला गेलेले धरले तरी ७५, आणि ८० मुलांची पदवीच वेळेत झाली नाही. आपले मूल त्या ६६ मध्ये असेल की त्या ८० मध्ये? पालकाला हाच प्रश्न पडायला हवा, आणि साइटवर टक्केवारीच्या खाली 'कितीपैकी किती' हे लिहिलेले असायला हवे.

कोणी म्हणेल, एवढे आकडे देऊन सामान्य पालक गोंधळतो, त्यापेक्षा एक क्रमांक बरा. मला हे पटत नाही. अभियांत्रिकीच्या एनआयआरएफ क्रमवारीत संशोधनाला १०० पैकी ३० गुण आहेत, तर वंचित घटक, मुली आणि परराज्यांतल्या मुलांना सामावून घेण्याला १०. घरातल्या पहिल्याच पदवीधर होणाऱ्या मुलीसाठी हे वजन नेमके उलटे असू शकते. अमेरिकेतही ओबामा सरकारने आधी कॉलेजांना श्रेणी देण्याचे ठरवले होते. ते मागे पडले आणि २०१५ मध्ये 'कॉलेज स्कोअरकार्ड' या सरकारी साइटवर आकडेच खुले केले. त्यात कुटुंबाच्या उत्पन्नानुसार प्रत्यक्ष वार्षिक खर्च दिसतो. तीही परिपूर्ण नाही. कमाईचे आकडे सरकारी आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांपुरतेच आहेत. पण निदान ते कुणाचे आहेत हे तिथे सांगितले जाते.

मग आपण काय करायचे?

आपल्याकडे माहिती नाही असे नाही. कट-ऑफ सीईटी कक्षाकडे, व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शुल्क नियामक प्राधिकरणाकडे, शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, मूल्यमापन नॅककडे. सगळे वेगवेगळ्या कपाटांत आणि बरेचसे इंग्रजीत. शासनाने हे एकत्र करून, जाहिरात न घेणारी, मराठीतली तुलना-साइट द्यावी, ही मागणी आपण शिक्षकांनी लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत हा उपक्रम वर्गात करता येईल. अकरावी-बारावीच्या मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला तीन कॉलेजे द्या. वहीत सहा रकाने आखा: घरापासून अंतर, सवलत वजा जाता खर्च (राहणे-जेवण धरून), आलेल्यांपैकी वेळेत पदवी किती, आलेल्यांपैकी नोकरी किती, पगाराचा मध्यक, आणि मुलींच्या वसतिगृहातील जागा. माहिती मिळाली नाही तर 'माहिती नाही' असेच लिहायचे, रकाना रिकामा सोडायचा नाही. मग प्रत्येकाने आपल्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचे दोन रकाने निवडायचे आणि का ते दोन वाक्यांत लिहायचे.

एकाच वर्गात वेगवेगळी उत्तरे येतील, आणि ती यावीतच. गगनबावड्याच्या मुलीची चाळणी आणि राजारामपुरीतल्या मुलाची चाळणी एक असू शकत नाही. आपली चाळणी आपण बनवायची असते, एवढे जरी मुलांना कळले तरी सांख्यिकीचा तो धडा पदरात पडला असे मी म्हणेन. पालकांनीही फॉर्म भरण्याच्या आदल्या रात्री नव्हे, निदान दिवाळीच्या सुट्टीत हा तक्ता मुलांबरोबर बसून भरावा.