कंत्राट बदलले, युनियन कुठे गेली?

संघटना बांधण्याचा हक्क घटनेच्या कलम 19 ने कंत्राटी कामगारालाही दिला आहे. पण फलाटावरचा सफाई कामगार युनियनची पावती फाडतो आणि कंत्राट बदलले की नव्या ठेकेदाराच्या यादीत त्याचे नाव नसते. बडतर्फ कोणीच केलेले नाही, मग दाद कोणाविरुद्ध मागायची? कंत्राट पद्धतीवर बंदी आली की कामगार मूळ मालकाचे होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली एअर इंडिया प्रकरणात म्हटले होते. 2001 च्या स्टील ऑथॉरिटी निकालाने तोही आधार काढून घेतला. 1970 च्या कायद्यात आपोआप सामावून घेण्याची तरतूद नाही, असे ठरले. हक्क कागदावर शाबूत, भरतीची किल्ली ठेकेदाराच्या खिशात! ठेकेदार बदलला तरी जुनीच माणसे कामावर राहतील अशी अट निविदेत घाला, ही मागणी आम्हा कायम कामगारांच्या युनियननेच रेटली पाहिजे.