सायकल कोणत्या सालात न्यायची?

जुनी रेसर दुकानात आली की आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला हात रंगाला जातो. गिऱ्हाईक म्हणते, "नव्यासारखी करून द्या," आणि आपण फ्रेम सुटी करून ब्लास्टिंगला धाडतो. पावडर कोटिंग होऊन ती चकचकीत परत येते, गिऱ्हाईक खूश होते, दुकानाच्या पाटीखाली फोटो निघतात. पण ब्लास्टिंगमध्ये जे गेले ते परत आणायचे हत्यार आपल्या कोणाच्याही पेटीत नाही. पावसाळा सरला की माळ्यावरच्या, जिन्याखालच्या, गॅलरीत टांगलेल्या सायकली खाली उतरतात. यंदाही उतरतील. त्याआधी या विषयावर एकदा स्पष्ट बोललेले बरे.

आमचे कार्यालय भायखळ्यात, त्यामुळे जीर्णोद्धाराचे दोन नमुने येता-जाता नजरेस पडतात. एक राणीच्या बागेच्या आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. ही इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी उघडली, १९७५ मध्ये तिला भाऊ दाजींचे नाव मिळाले, आणि महापालिका, इन्टॅक व जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून केलेल्या कामानंतर २००८ मध्ये ती पुन्हा खुली झाली. छतावरची नक्षी, खांबांचा सोनेरी मुलामा, लाकडी कपाटे, सगळे जुन्या थाटात उभे राहिले आणि त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. दुसरा नमुना म्हणजे खुद्द भायखळा स्टेशन. १८५७ ची ही दगडी इमारत २०२२ मध्ये तिच्या जुन्या रूपात आली आणि त्याच वर्षी तिच्याही वाट्याला युनेस्कोचा सन्मान आला. दोन्ही कामे उत्तम. पण जातकुळी वेगळी. संग्रहालयाला दार लावून काम करता येते. स्टेशनला ती मुभा नव्हती. काम चालू असताना लोकल धावतच होत्या. तिकीट खिडकी, इंडिकेटर, दिवे, पंखे, हे सगळे आजच्या गरजेचे राहिले आणि त्यातूनच जुनी वास्तू पुन्हा दिसू लागली.

चोरबाजारातून उचललेली, मालकाचा पत्ता नसलेली रेसर पहिल्या जातीची. तिला कॅटलॉगप्रमाणे सजवून भिंतीवर टांगली तर आमची फारशी तक्रार नाही. पण ज्या माणसाने ती तरुणपणी घेतली, चाळीस-पन्नास वर्षे सांभाळली आणि अजूनही तिच्यावरून रविवारी सकाळी शिवडीपर्यंत चक्कर मारायची ज्याची इच्छा आहे, त्याची सायकल स्टेशनच्या जातीची. आपल्या धंद्यातला गोंधळ असा की आपण दुसऱ्या जातीच्या सायकलीवर पहिल्या जातीचे उपचार करतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी मालकाला विचारायचा प्रश्न रंगाचा नाही, सालाचा आहे. 'ओरिजिनल' म्हणजे कोणत्या सालची? समजा सायकल १९६४ ला घेतली. दोन वर्षांनी मडगार्ड काढले, पुढे बोरघाट झेपत नाही म्हणून मागे पाच दातेरींचा फ्रीव्हील आणि डिरेलर चढवला, कधीतरी पडल्यावर चिमटा बदलला. मुंबई-पुणे शर्यतीत उतरलेल्या किंवा उतरायची स्वप्ने पाहिलेल्या कितीतरी सायकलींची कुंडली अशीच निघेल. आता कारखान्यातून निघाली तशी करायची तर घाटासाठी चढवलेला तो डिरेलर उतरवावा लागेल. तो कारखान्याचा नाही हे खरे, पण मालकाच्या लेखी सायकलीचा तोच भाग सर्वांत मोलाचा असू शकतो. काढून टाकला तर कॅटलॉग शाबूत राहील आणि मालकाला आपली सायकल ओळखू येणार नाही.

वास्तू जपणाऱ्यांनी हा वाद आपल्या आधीच घालून ठेवला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेत दोन गोष्टी ठळकपणे येतात: प्रत्येक काळाने घातलेल्या भरीचा मान राखायचा, आणि जिथे अंदाजपंचे काम सुरू होते तिथे थांबायचे. सनद इमारतींसाठी आहे, पण दुसरी अट आपण दुकानात मोठ्या अक्षरांत लावावी अशी आहे. 'बहुधा असाच असेल' म्हणून मारलेला मरून रंग आणि इंटरनेटवरच्या फोटोवरून छापून घेतलेले स्टिकर हा जीर्णोद्धार नव्हे, ते नाटकाचे नेपथ्य झाले.

पहिल्या अटीचे मोल एका उदाहरणाने कळते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी तो पुरा केला आणि मार्च १९२८ मध्ये ते मुंबईत परतले. त्यांची एखादी सायकल उद्या आपल्या स्टँडवर आली, तर तिच्यावरचे ओरखडे बुजवून १९२३ चा कोरा रंग मारायला कोणाचा हात धजेल? साध्या माणसाच्या सायकलीलाच तेवढा न्याय आपण का नाकारतो, हे मला अजून उमगलेले नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. मूळ रंग सायकलीवरच शोधायचा असतो. मडगार्डच्या क्लिपखाली, हेड-बॅजच्या मागे, केबलच्या पट्टीखाली, सीटच्या क्लॅम्पखाली तो ऊन-पावसापासून वाचलेला असतो. वरून कोणी नंतर रंग फासला असेल तर तिथेच थर मोजता येतात. आधी साधे पाणी आणि सौम्य साबण, मग मऊ फडके. कटिंग पॉलिश लावायचे तर आधी चेनस्टेच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लावून पाहा. ट्रान्सफरवर पॉलिश चालवू नका, त्यावरचे वार्निश सुटले की अक्षरे फडक्यावर येतात. तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल तर त्याचे कवच पुसून पाहा. युद्धानंतरच्या हबवर सालाचे शेवटचे दोन आकडे आणि शेजारी महिना कोरलेला सापडतो. ते साल हबचे असते, फ्रेमचे नव्हे, कारण मागचे चाक केव्हाही बदललेले असू शकते. तरी मालकाच्या आठवणीला तो चांगला ताळा ठरतो. आणि फ्रेमला नगरपालिकेच्या सायकलकराचा जुना बिल्ला असेल तर तो गंजका म्हणून फेकू नका. कोणती सायकल कोणत्या गावात फिरली याचा तेवढाच सरकारी कागद उरलेला असतो.

ब्लास्टिंगला आमचा विरोध भावनेपोटी नाही. रेनॉल्ड्स ५३१ सारख्या बटेड नळीची मधली भिंत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची. दारे-खिडक्यांच्या ग्रिलला लागणाऱ्या दाबाने तिच्यावर वाळूचा मारा केला तर ती कुठे पातळ झाली ते बाहेरून कळत नाही. वर पावडरचा जाड थर बसला की लगच्या सुबक कडा बुजून जातात, आणि त्या कडांसाठीच तर ही फ्रेम जपायची. जिथे रंग पार गेला, गंज खोल आहे, तिथे रंगवावेच लागेल. मग हाताने रंग काढून पातळ इनॅमल मारा आणि काठावरची सोनेरी लाइनिंग ब्रशनेच ओढा. लाइनिंग ओढणारे जुने हात अजून आहेत. त्यांना काम मिळाले तर टिकतील.

क्रोमचेही तेच. सरसकट नवे क्रोमिंग करण्याआधी पाण्यात बुडवलेल्या ॲल्युमिनियम फॉइलने घासून पाहा. रिम आणि हँडलवरचा वरवरचा गंज तेवढ्यावर जातो. हट्टी गंजाला ऑक्झॅलिक ॲसिडचे सौम्य पाणी चालते, पण हातमोजे घालून, हवेशीर जागेत, आणि नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन. पोटात गेले तर ते विष आहे, तेव्हा चहाच्या टपरीची रिकामी बाटली त्यासाठी वापरू नका. हसू नका, हे होते.

रंगाबाबत जितके हात आखडते घ्यायचे तितकेच यंत्राबाबत सढळ व्हायचे. छर्रे, कोन, केबल, ब्रेकचे रबर, टायर-ट्यूब यांच्या बाबतीत 'जुनेच राहू द्या' ऐकायचे नाही. माणूस बसणार आहे. छर्रे एका पाकिटातले, एका मापाचे घ्या. नागदेवीला चांगले मिळतात. जुन्यात चार नवे मिसळले की सगळा भार त्या चारांवर येतो.

सर्वांत जास्त नासधूस होते ती कॉटर काढताना. नट सोडवून थेट हातोडा हाणायची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की वाकडे कॉटर आणि ठेचलेले आटे हा दुकानाचा स्थायीभाव वाटावा. कॉटरवर रात्रभर तेल सोडा. नट काढून टाकू नका, कॉटरच्या टोकाशी समपातळीत येईल एवढाच सैल करा, म्हणजे आटे वाचतात. क्रँकखाली जमिनीवर टेकलेला जाड पाइप उभा करा. ठोका जमिनीत गेला पाहिजे. छर्ऱ्यांवर गेला तर कटोरीत खळगे पडतात आणि मग सायकल नवा छर्रा घालूनही कुरकुरते. प्रेस असेल तर उत्तमच. नवा कॉटर बसवताना त्याची सपाट बाजू कानशीने घासून ॲक्सलच्या खाचेशी जुळवा, दोन्ही बाजूंचे कॉटर एकमेकांना उलटे ठेवा, नाहीतर दोन्ही पॅडल एका रेषेत येत नाहीत. मालकाला सांगा, दोन-तीन फेऱ्यांनंतर नट पुन्हा आवळायला आणा.

कटोरी बदलण्याआधी आटे मोजा. नॉटिंगहॅमच्या बहुतेक रॅलेंना बॉटम ब्रॅकेटमध्ये इंचाला २६ आटे, बाकीच्या बहुतेक ब्रिटिश सायकलींना २४. बाजारात सहज मिळणारी कटोरी २४ ची. ती रॅलेत दोन फेरे जाते, मग अडते, मग कोणीतरी पान्याला पाइप लावून जोर करतो आणि साठ वर्षांची फ्रेम दोन मिनिटांत बाद होते. उजवीकडची कटोरी उलट्या आट्याची असते हेही नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. मुंबईच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमची सीटपोस्ट स्टीलच्या नळीत धरून बसते, तीही अशीच घाईचा बळी. फ्रेम उलटी करून ब्रॅकेटच्या बाजूने तेल सोडा आणि आठवडाभर विसरून जा. सीट धरून पिळू नका. पोस्ट तशीच राहते आणि ब्रूक्सची तार वाकते.

टायरच्या बाबतीत आपण नशीबवान. रोजच्या काळ्या सायकलींचे २८ × १½ माप आपल्याकडे अजून कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. रेसरचे २७ × १¼ मात्र शोधावे लागते. न मिळाल्यास ७०० सी चे चाक लावता येते. रिमचा व्यास ८ मिलिमीटरने कमी, म्हणजे ब्रेकचे रबर ४ मिलिमीटर खाली आणावे लागेल. तेवढे खाली येते का ते आधी बघा. जुन्या रिम मात्र मालकाच्या ताब्यात द्या, भंगारात नको. इटलीत टस्कनीतल्या गायोले गावी १९९७ पासून लेरोइका नावाची जुन्या रेसरची फेरी होते. तिथे अट असते ती सायकल १९८७ आधीची असण्याची, गिअरचे खटके खालच्या नळीवर असण्याची, पॅडलला क्लिप आणि ब्रेकच्या केबल उघड्या असण्याची. रंग कोरा हवा असे तिथे कोणी म्हणत नाही.

परदेशी सायकलीचे जुने कॅटलॉग शोधले तर सापडतात. खरी अडचण आपल्या घरच्या सायकलींची आहे. वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता; रस्त्याला अजून हिंद सायकलचे नाव आहे. १९८० मध्ये संसदेने कायदा करून हिंद आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्या ताब्यात घेतल्या, त्यातल्या हिंदची नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन झाली, तीही आता राहिली नाही. त्या सायकलींचे रंग कोणते होते, लाइनिंग किती रुंद, बॅज कसा, हे सांगणारे कागद सहज हाती लागत नाहीत. आपल्या स्टँडवर येणारी जुनी हिंद हाच कागद. तिला ब्लास्टिंगला पाठवणे म्हणजे एकुलती एक प्रत रद्दीत घालणे. तुलनेसाठी पुण्याच्या कर्वेनगरमधले विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहेच. रंगाचा डबा फोडण्याआधी एकदा तिथे जाऊन या.

हे सगळे वेळखाऊ आहे आणि इथेच धंदा अडतो. रंगकामाचे पैसे गिऱ्हाईक बिनतक्रार देते, कारण ते दिसते. तीन दिवस बसून जुना रंग वाचवला तर ते म्हणते, "केलं काय, फक्त पुसलं?" उपाय एकच: काम घेतानाच मजुरी वेगळी सांगा आणि लिहून द्या. जॉब कार्डावर सायकल कोणत्या सालात न्यायची ते साल, काढलेल्या प्रत्येक भागाची नोंद, आधीचे फोटो, आणि मालकाची सही. काढलेले भाग पिशवीत घालून परत करा. नातवाला उद्या तो गंजका चिमटा पुन्हा बसवावासा वाटला तर त्याची सोय झाली पाहिजे.

अशा जॉब कार्डाचा नमुना पुढील अंकात छापतो आहोत. तोपर्यंत एक विनंती. मूळ रंगातली हिंद किंवा सेन-रॅले ज्यांच्या दुकानात असेल त्यांनी हेड-बॅज, मागच्या मडगार्डची लाइनिंग आणि फ्रेमचा नंबर यांचे फोटो फूटपट्टी शेजारी ठेवून पाठवावेत. आणि २६ आट्यांचा टॅप ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरूर कळवावे, अनेकांची कामे त्यावाचून अडली आहेत.