क्रमवारी, कटऑफ आणि शेवटची बस

सीईटीचा निकाल लागला, कॅप राउंडचा अर्ज भरायला घरातली मंडळी लॅपटॉपभोवती जमली, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "शिकायला जायचंय की शहर बघायला?" काका हे म्हणतात, क्लासचे सर म्हणतात, गेल्या वर्षीचे कटऑफ तोंडपाठ असलेला शेजारचा दादाही म्हणतो. या मंडळींचा पूर्वपक्ष असा: अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच, पदवीचा कागद तोच. तेव्हा नॅकची श्रेणी, एनआयआरएफचा क्रमांक आणि प्लेसमेंटचा आकडा बघा. बाकी सगळे लाड.

हे ऐकायला व्यवहारी वाटतं, पण व्यवहारालाच धरून नाही. २०१६ पासून जाहीर होणाऱ्या एनआयआरएफ क्रमवारीचे निकष पाच: अध्यापन व साधनं, संशोधन, पदवीचे निकाल, सर्वसमावेशकता आणि लोकांच्या मनातली प्रतिमा. वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं, अभ्यासिकेत रात्री बसू देतात का, स्टेशनहून शेवटची बस कधीची, यासाठी त्यात रकाना नाही. क्रमवारीला दोष देण्याचं कारण नाही, तिचं ते कामच नाही. पण तिच्या भरवशावर पोराची चार वर्षं ठरवणाऱ्यांनी एवढं तरी माहीत करून घ्यायला हरकत नव्हती.

आता 'अभ्यासक्रम तोच' या मुद्द्याकडे येऊ. पुण्याचा एकटा लॉ कॉलेज रस्ता घ्या. १९१७ साली स्थापन झालेलं भांडारकर प्राच्यविद्या मंदिर या रस्त्यावर आहे, प्रभातच्या जुन्या स्टुडिओत १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि १९६४ पासूनचं चित्रपट संग्रहालयही आहे. फर्ग्युसनमधला बी.एस्सी.चा पोरगा इथे चालत येऊ शकतो. सगळे येत नाहीत हे कबूल. बहुतेक जण चहा पिऊन परत जातात. पण ज्याला यायचं आहे त्याला वाट आहे, आणि ही सोय कुठल्याही अभ्यासक्रमात बसवता येत नाही.

किंवा 'पुरुषोत्तम' घ्या. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा घेते. तिचे दिवस जवळ आले की इंजिनिअरिंगची पोरं लेक्चर बुडवून तालमीला पळतात. त्यातल्या निम्म्यांच्या तोंडी एकही संवाद नसतो. कुणी लेव्हल्स उचलतो, कुणी प्रकाशाचा बोर्ड सांभाळतो, कुणी नुसताच चहा आणतो आणि दिग्दर्शकाच्या शिव्या खातो. एका संहितेवर महिनाभर भांडायचं आणि मग भरत नाट्य मंदिरात ठरलेल्या वेळेत सेट लावून, प्रयोग करून, रंगमंच रिकामा करून द्यायचा. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पेपरात यातलं काय येतं ते विद्यापीठालाच ठाऊक.

वर्गाबाहेरच्या आयुष्याच्या बाजूने बोलणारे काही जण मात्र माझ्या पक्षातले नाहीत. शहरापासून लांब, हायवेलगतच्या माळरानावर उभ्या राहिलेल्या खाजगी विद्यापीठांच्या ड्रोन व्हिडिओंत 'कॅम्पस लाइफ' हा शब्द फार येतो. तिथे संस्कृती म्हणजे सेलिब्रिटी नाइट. पाहुणा इव्हेंट कंपनी आणते, स्टेज कंत्राटदार बांधतो, पोरांनी फक्त मोबाइल उंच धरायचा. एरवी साडेचारला कॉलेजची बस सुटली की मागे उरतं ते कँटीनचं शटर. एवढी फी भरून विकत घेण्यासारखं त्यात काही नाही.

यावर कुणी विचारील, शहराचंच एवढं महत्त्व असेल तर १९५० साली औरंगाबादेत काय होतं? आक्षेप वजनदार आहे. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नावापुरती होती. तिथे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढलं, पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळालं. मराठवाड्याला विद्यापीठ मिळायला १९५८ उजाडलं. म्हणजे शहराकडून घेण्यासारखं थोडंच होतं. मग महाविद्यालयाच्या नागसेनवन या परिसराने ते स्वतःच्या आवारात उभं केलं. वसतिगृहं होती, वाचन होतं, वाद होते. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं, ते तिथल्या विद्यार्थ्यांनी केलं. दलित साहित्याच्या इतिहासात मिलिंदचं नाव टाळता येत नाही ते काही निकालाच्या टक्केवारीमुळे नव्हे. तेव्हा हे उदाहरण माझ्या विरोधात जात नाही. जिथे शहर कमी पडतं तिथे आवाराने भरून काढावं लागतं, आणि दोन्ही नसतील तर नुसती इमारत उरते.

राहिला शेवटचा आक्षेप: ही सगळी पैसेवाल्यांची चैन. मला वाटतं, गोष्ट नेमकी उलट आहे. पैसेवाल्याच्या पोराला फ्लॅट मिळतो, गाडी मिळते, तो कुठेही गेला तरी शहर विकत घेतो. कॉट बेसिसवर राहणाऱ्याला शहर नीट पारखून घ्यावं लागतं. डिपॉझिट किती, मेस रविवारी संध्याकाळी बंद असते तेव्हा खायचं काय, संध्याकाळचं अर्धवेळ काम मिळेल का, 'कमवा आणि शिका' कागदावर आहे की खरोखर चालते. ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या १९४७ सालच्या महाविद्यालयात रुजवली ती अशाच मुलांसाठी.

शिवाय शहर बघू नये म्हणणारे काका स्वतःच्या मुलीच्या वेळी पहिला प्रश्न शहराचाच विचारतात: गाव कसं आहे, हॉस्टेल आतच आहे ना? म्हणजे तत्त्व त्यांनाही मान्य आहे, फक्त ते मुलीला अडवण्यापुरतं वापरायचं. मुलींना अडवणाऱ्या वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध दिल्लीच्या मुली २०१५ साली 'पिंजरा तोड' म्हणत रस्त्यावर आल्या होत्या.

शक्य असेल तर अर्ज पक्का करण्याआधी एकदा जाऊन या. ओपन डेला नको, त्या दिवशी कुंड्यासुद्धा भाड्याच्या असतात. साध्या मंगळवारी संध्याकाळी सातला जा. ग्रंथालयात दिवे आहेत का बघा, दुसऱ्या वर्षाच्या मुलीला परतीच्या बसबद्दल विचारा, सूचनाफलक वाचा. फलकावर एखाद्या तालमीची किंवा वादसभेची हाताने लिहिलेली चिठ्ठी न दिसता नुसती फी-दंडाची परिपत्रकंच असतील, तर ते नाव पसंतीक्रमात चार घरं खाली ढकला.