सार्वजनिक बाकें व खाजगी कीर्ति

आसन ही जर बसणाऱ्यासाठीं करावयाची वस्तु असेल, तर आमच्या शहरांतील बहुतेक सार्वजनिक बाकें हीं आसनें नव्हेत, असें म्हणणें आम्हांस भाग आहे. उद्यान, नदीकांठ, बसथांबा, कोठेंही जावें. सिमेंटच्या बाकाच्या पाठीवर ठळक रंगीत अक्षरांत एकाद्या लोकप्रतिनिधीचें नांव व त्याखालीं 'यांच्या सौजन्यानें' किंवा 'यांच्या निधींतून' हे शब्द दिसावयाचेच. कारखान्यांतील साचा एकच. बदलतें तें नांव. पाठ भिंतीसारखी सरळ उभी, कारण ती टेकण्यासाठीं नसून लिहिण्यासाठीं आहे. आणि कोणी टेकून बसलाच, तर अक्षरें झांकलीं जातात. म्हणजे ज्याच्यासाठीं बाक केलें, तोच बाकाच्या हेतूच्या आड येतो!

या प्रथेचे कैवारी विचारतात कीं, नांव नको म्हटलें तर देणगी कोण देईल? हा प्रश्न खऱ्या दात्याविषयीं असता, तर आम्हीं त्याचा आदर केला असता. मुंबईच्या कोट भागांत रतनसी मुळजी यांनीं आपल्या दिवंगत धरमसी या मुलाच्या स्मरणार्थ कारंजें बांधविलें. त्याची योजना एफ्. डब्ल्यू. स्टीव्हन्स या नामांकित स्थापत्यविशारदानें केली. तेथें दुःख स्वतःचें होतें आणि पैसाही स्वतःचा होता. तशा नांवास, किंवा आईच्या स्मरणार्थ टेकडीवर बाक ठेवणाऱ्या सामान्य गृहस्थाच्या दोन ओळींस, कोण हरकत घेईल? परंतु निधि म्हणजे कराचा पैसा. लोकांच्याच पैशानें लोकांस बसावयास द्यावयाचें आणि त्यास 'सौजन्य' म्हणावयाचें, ही व्यवहाराची व भाषेची, दोहोंची फसवणूक आहे.

दात्याचें नांव कसें टिकतें, हें पॅरिसमध्यें पाहावें. १८७०-७१ च्या वेढ्यानंतर तेथील गरिबांस पिण्याच्या पाण्याची अडचण पडली, तेव्हां रिचर्ड वॉलेस या इंग्रज धनिकानें स्वखर्चानें पाणपोया दिल्या. पहिलीं रेखाटनें त्यानें स्वतः केलीं, शिल्पकार लबूर यानें त्यांस रूप दिलें, आणि १८७२ पासून ओतीव लोखंडाच्या त्या पाणपोया रस्त्यांवर उभ्या राहूं लागल्या. वॉलेसच्या अटी अशा: दुरून दिसाव्यात, पण परिसरास विजोड होऊं नयेत, वापरण्यास सोयीच्या व डोळ्यांस सुखद असाव्यात, टिकाव्यात, आणि पुष्कळ बसवितां येतील इतक्या स्वस्त असाव्यात. या अटींत स्वनामाचा आकार कोठेंच नाहीं. तरीही त्या आजतागायत वॉलेसच्या पाणपोया म्हणूनच ओळखल्या जातात.

कोणी म्हणेल, जाहिरातदारही नांवासाठींच खर्च करतो. खरें आहे. १९६४ सालीं फ्रान्समधील लियों शहरांत झां-क्लोद दको यांनीं जाहिरातींच्या उत्पन्नावर बसथांबे फुकट देण्याचा प्रघात पाडला. त्या सौद्यांतही थांब्याचें तोंड उभ्या असलेल्या उतारूपेक्षां जाणाऱ्या-येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे अधिक वळतें, हा दोष आहेच. पण निदान थांबा धुण्या-पुसण्याची जबाबदारी कंपनीच्या गळ्यांत असते. आमच्याकडे निवडणूक जवळ आली कीं नांवावर नवा रंग चढतो; मोडलेली कड तशीच राहते.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नव्हे. दवाखान्यांतून पायीं परतणारी म्हातारी, डोक्यावरची पाटी क्षणभर उतरविणारी भाजीवाली, ज्याच्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत बैठकीस जागा नाहीं असा पेन्शनर, यांची हक्काची विश्रांति या बाकावर अवलंबून आहे. यास्तव आमची मागणी साधी आहे. बैठक सुमारे १८ इंच उंच असावी; पाठ किंचित् मागें झुकलेली असावी; म्हाताऱ्यास उठतांना रेटा देतां यावा म्हणून हात असावेत; पावसाचें पाणी सांचूं नये; आणि उन्हांत सिमेंट तापतें, म्हणून वर झाडाची सावली असावी. कारखानदारानें आपली खूण पायापाशीं लहान अक्षरांत करावी. एवढें सर्व करून जागा उरली, तर लोकप्रतिनिधींनींही आपलें नांव अवश्य लिहावें. मात्र त्यापूर्वीं त्या बाकावर स्वतः घटकाभर बसून पाहावें.