खासगी आणि दौलत

जामखेड तालुक्यांतील चौंडी हें अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव. त्यांच्या त्रिशताब्दीच्या वर्षीं, ६ मे २०२५ रोजीं, महाराष्ट्राचें मंत्रिमंडळ तेथें भरलें व सुमारें ५,५०३ कोटी रुपयांच्या आराखड्यास त्यानें मान्यता दिली. त्यांतील ६८१ कोटी चौंडीच्या स्मारकाचे. बाकीचे तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, त्र्यंबकेश्वर, जोतिबा व अष्टविनायक या देवस्थानांचे.

यावर कोणीं शंका काढली कीं उत्तर ठरलेलें : ‘अहिल्याबाईंनीं देवळें नाहींत का बांधलीं?’ बांधलीं, हें खरेंच. पण दाखला देणारांनीं तो अर्धाच वाचला आहे. होळकरशाहींत दोन थैल्या होत्या. दौलत ही राज्याची. खासगी हें राणीकडे तोडून दिलेलें उत्पन्न. १७३४ सालीं तें गौतमाबाईंस मिळालें व त्यांच्यामागून अहिल्याबाईंकडे आलें. त्यांच्या दानधर्माची कीर्ति या खासगीवर उभी आहे.

लोकशाहीला खासगी नसते. तिच्या तिजोरींत जें पडतें तें जामखेडच्या बाजारांतील हिंदु, मुसलमान, बौद्ध व नास्तिक अशा सर्वांच्या खिशांतून. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीं राखून ठेवलेला कर भरण्याची कोणावरहि सक्ति नसावी, असें राज्यघटनेचें २७वें कलम सांगतें. कराचा मोठा भाग तसा खर्च होईल तरच या कलमाचा भंग होतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं हज अनुदानाच्या खटल्यांत म्हटलें. कायदा सुटला, न्याय सुटला काय? तें अनुदान २०१८ सालीं बंद झालें, तेव्हां ज्यांनीं टाळ्या पिटल्या त्यांनीं तोच गज आज आपल्या अंगणांत लावून पाहावा.

यात्रेकरूस पाणी, रस्ता, शौचकूप व दवाखाना देणें हें राज्याचें कर्तव्यच आहे. पण तो नागरिक आहे म्हणून, अमुक देवाचा भक्त आहे म्हणून नव्हे. यात्रेस जें मिळेल तें उरुसासहि मिळावें. पूजेचा व वैभवाचा भार भक्तांनीं वाहावा. यांत धर्माचेंहि हितच आहे, कारण जो सरकारी हात आज कळसाला सोनें लावतो, तोच उद्यां गाभाऱ्यांतला क्रमहि ठरवूं लागतो.

सरकारनें नागरी सोयींचा व देवस्थानांचा हिशेब वेगवेगळा मांडावा, एवढीच आमची मागणी. अहिल्याबाईंचें अनुकरण करावयाचें तर आधीं थैल्या वेगळ्या कराव्या, देवळें मागून.