हातांना उशिरा कळते

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती, म्हणजे 'आयसीडी-११', मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीतल्या नव्या नोंदींपैकी दोन इथे महत्त्वाच्या आहेत. पहिली 'गेमिंग डिसऑर्डर'. तिच्यावर भरपूर चर्चा झाली, कारण घरोघरी मोबाइलला चिकटलेली मुले आहेत. दुसरी नोंद मात्र फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही. ती आहे प्रदीर्घ शोकविकाराची. जवळचे माणूस गेल्यानंतर सहा महिने उलटले, तरी दुःखाची तीव्रता तसूभरही कमी होत नाही, आपल्या समाजाच्या रीतीनुसार जेवढा शोक अपेक्षित असतो त्याहून ते स्पष्टपणे जास्त असते आणि रोजचे जगणेच ठप्प होते, तेव्हा त्याला वैद्यकीय मदतीची गरज आहे, असे ही नोंद सांगते.

खेळ आणि शोक हे दोन्ही विषय आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पण काही व्हिडिओ गेम असे आहेत, की ज्यांचा विषयच शोक आहे. त्यांच्याकडे आरोग्याच्या अंगाने पाहिले, तर दुःखाबद्दलचे आपले काही पक्के गैरसमज सैल होतात.

'ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स' हा २०१३ सालचा स्वीडिश गेम घ्या. बैरूतमध्ये जन्मलेल्या आणि लहानपणी स्वीडनला आलेल्या जोसेफ फारेस या चित्रपट दिग्दर्शकाने तो केला. जेमतेम तीन-चार तासांचा खेळ. वडील मरणपंथाला लागले आहेत. त्यांच्यासाठी जीवनवृक्षाचे पाणी आणायला दोन भाऊ निघतात. डोंगर, गुहा, नद्या पार करायच्या, वाटेत कोडी सोडवायची. पात्रे एका काल्पनिक भाषेत बोलतात, त्यामुळे शब्दांचा आधार नाही. सारी गंमत नियंत्रणात आहे. कंट्रोलरची डावी दांडी आणि डाव्या बाजूचे बटण थोरल्याचे, उजवी बाजू धाकट्याची. सुरुवातीला आपला गोंधळ उडतो. थोड्या वेळाने हात सरावतात आणि डावा हात म्हणजे थोरला हे डोक्याला सांगावे लागत नाही. धाकट्याला पाण्याची भीती आहे, कारण आई त्याच्या डोळ्यांदेखत बुडालेली. नदी आली, की तो थोरल्याच्या पाठीला धरून पलीकडे जातो.

पुढे थोरला मरतो. धाकट्यानेच त्याला पुरायचे असते आणि त्यासाठी बटण दाबावे लागते ते आपल्याला. त्यानंतर डावा हात रिकामा होतो. घराजवळ येताना पूर आलेली नदी आडवी येते. उजव्या हाताने कितीही खटपट केली, तरी धाकटा पाण्यात उतरत नाही. शेवटी आपण थोरल्याचे, डावीकडचे बटण दाबून पाहतो आणि धाकटा पोहू लागतो. ही जागा सांगून टाकल्याबद्दल खेळ न खेळलेल्या वाचकांची क्षमा मागतो. पण या लेखाचा मुद्दा नेमका त्या बटणातच आहे.

घरातले माणूस गेल्यावर काय होते, हे ज्याने अनुभवले त्याला ठाऊक आहे. सकाळी चहा ठेवताना आधण दोघांचे पडते. काही चांगले घडले, की हात फोनकडे जातो आणि त्यांचा नंबर काढतो. मग लोक म्हणतात, "अजून स्वीकारलं नाही त्यांनी." वास्तविक त्यांना सगळे माहीत असते. अंत्यविधी त्यांच्यासमोर झालेला असतो. उशीर होतो तो सवयीच्या मेंदूला. ॲरिझोना विद्यापीठातल्या मेरी-फ्रान्सिस ओ'कॉनर या मेंदूविज्ञान आणि मानसशास्त्राच्या अभ्यासिका शोकाकडे शिकण्याची प्रक्रिया म्हणून पाहतात. वर्षानुवर्षे एकत्र राहिल्यावर ते माणूस आपल्या मेंदूतल्या जगाच्या नकाशाचा भाग झालेले असते. ते कुठे असेल, केव्हा येईल याचे अंदाज मेंदू न विचारता बांधत राहतो. मृत्यूची बातमी एका क्षणात कळते. पण तो नकाशा नव्याने काढायला मात्र अनेक दिवस, अनेक प्रसंग लागतात.

नकाशा हा शब्द इथे केवळ उपमा म्हणून आलेला नाही. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथल्या, मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर या पुढे २०१४ साली नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदीर फिरत असलेल्या जागेत एक वस्तू ठेवली, नंतर ती काढून घेतली. तेव्हा मेंदूतल्या काही पेशी ती वस्तू जिथे पूर्वी होती नेमक्या त्या जागी सक्रिय झाल्या. जे आता नाही त्याची जागा नोंदवणाऱ्या पेशी! माणसाचा शोक यापेक्षा किती तरी गुंतागुंतीचा आहे, पण रिकाम्या खुर्चीकडे वळणारी नजर हा वेडेपणा नाही, एवढे तरी यावरून समजून घेता येते.

याच्या शेजारी दुसरा गेम ठेवून पाहू. माद्रिदच्या 'टकीला वर्क्स' या कंपनीचा 'राइम' २०१७ साली आला. एका बेटावर वाहून आलेला मुलगा, वाट दाखवणारा कोल्हा, कोडी, आणि मागे एका हरवलेल्या लेकराची व्यथा. दिसायला अतिशय सुंदर. त्याच्या प्रकरणांची नावे मात्र पाच ठरावीक शब्दांची : नकार, संताप, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. हे पाच टप्पे एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातले. ते जगभर इतके पसरले, की दुःखाची हीच पायरीपायरीने चढायची शिडी आहे, असे पुष्कळांना वाटते. त्यांनी ते मांडले होते ते मुख्यतः मरणासन्न रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. २००७ साली येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २३३ शोकग्रस्तांचा पाठपुरावा करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत अगदी सुरुवातीपासून सर्वाधिक आढळला तो स्वीकारच. क्लेशाच्या भावनांत सर्वांत ठळक होती ती ओढ, गेलेल्या माणसाची आस. या ओढीला त्या पाच नावांत जागाच नाही.

नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना अनुभवाला अधिक पटते. शोकग्रस्त माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो. कधी आठवणीत बुडतो, तर कधी वीजबिल भरतो, बँकेतली नावे बदलतो, एखाद्या विनोदावर हसतोही. हे हसणे बेइमानी नव्हे आणि दुसऱ्या दिवशीचे रडणे म्हणजे माघारही नव्हे. ही ये-जा हीच प्रकृतीची रीत आहे. म्हणूनच पायऱ्या मोजणाऱ्या 'राइम'पेक्षा रिकाम्या डाव्या हातावर विश्वास टाकणारा 'ब्रदर्स' आम्हाला विज्ञानाच्या जास्त जवळचा वाटतो. धाकटा भावाला विसरून नदी पार करत नाही, भावाकडून घेतलेल्या बळावर पार करतो.

याचा अर्थ गेम हे औषध आहे असा मुळीच नाही. 'ब्रदर्स'मध्ये रक्तपाताची आणि मरणाची दृश्ये आहेत. तो लहान मुलांच्या हाती देण्याजोगा नाही. नुकतेच कुणी गमावलेल्या माणसाला तो आग्रहाने खेळायला लावणेही बरे नव्हे. घरातल्या मोठ्या मुलाने असा गेम खेळून डोळे पुसले, तर मात्र "खेळण्यात कसलं रडायचं?" असे म्हणण्याऐवजी शेजारी बसावे. त्याने कदाचित आजोबांसाठीचे राहून गेलेले रडू तिथे रडून घेतले असेल.

आमचा खरा आग्रह खेळाबाहेरच्या गोष्टींसाठी आहे. आपल्याकडे दहावा-तेरावा होईपर्यंत घर भरलेले असते, हातांना काम असते. चौदाव्या दिवशी घर रिकामे होते आणि "सावरा आता" सुरू होते. शिकणे तर त्या दिवशी सुरू होत असते. भेटायला जायचे तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जावे आणि गेलेल्या माणसाचे नाव टाळू नये. मुलांना "बाबा झोपलेत", "गावाला गेलेत" असे सांगू नये. ती झोपेला भिऊ लागतात, नाही तर वाट पाहत बसतात. मूल दहा मिनिटे रडून पुन्हा खेळायला पळाले, तर त्याला दुःख नाही असे समजू नये. मुलांचे दुःख तुकड्यातुकड्यांनीच येते.

शरीराकडेही लक्ष हवे. 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात २०१२ साली आलेल्या अभ्यासात, जवळची व्यक्ती गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २१ पट वाढलेला आढळला. त्या धावपळीत घरातल्या हृदयरोग्याच्या आणि मधुमेह्याच्या गोळ्या, जेवण, झोप यांची जबाबदारी कुणी तरी एकाने घ्यावी. झोप नाही, भूक नाही म्हणून येणाऱ्या रुग्णाला "घरी कोणी गेलंय का?" हा एक प्रश्न डॉक्टरांनी जरूर विचारावा.

दुःख महिनोन्‌महिने तसेच राहिले, जगण्यात अर्थच उरला नाही असे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. सरकारची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क सेवा मराठीतही बोलते. मरणाचे विचार येत असतील, तर महिने मोजत बसू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी.

आणि ज्यांच्या घरी आजही चहाचे आधण दोघांचे पडते, त्यांनी स्वतःवर रागावू नये. हातांना उशिरा कळते. तोवर तो दुसरा कप कुणाला तरी बोलावून त्याच्यापुढे ठेवावा.