परदेशी विद्यार्थ्यांच्या खिशावर ब्रिटिश विद्यापीठांचा भार

परदेशी विद्यार्थ्यांना ब्रिटनमधील शिक्षण महाग पडते, यात नवे काही नाही. युरोपीय समुदायाबाहेरील विद्यार्थ्यांकडून पूर्ण खर्च वसूल करण्याचे धोरण मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८० मध्ये अमलात आणले, तेव्हाच त्याचा पाया घातला गेला. मात्र हा विद्यार्थी आता केवळ स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भरत नाही.

इंग्लंडमध्ये पदवी घेणाऱ्या स्थानिक विद्यार्थ्यांच्या शुल्कावर सरकारी मर्यादा आहे. २०१७ मध्ये ती ९,२५० पौंड झाली आणि तब्बल आठ वर्षे तेथेच राहिली; २०२५ मध्ये ती ९,५३५ वर गेली. महागाई अर्थातच तोवर थांबलेली नव्हती. शुल्क वाढवावे तर मतदार नाराज, अनुदान वाढवावे तर तिजोरीवर ताण! या पेचातून विद्यापीठांनी काढलेली वाट परदेशी विद्यार्थ्यांच्या खिशातून जाते, कारण त्यांच्या शुल्काला मर्यादाच नाही. भारतीय विद्यार्थ्यांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तेथे मताधिकार आहे खरा. पण वर्ष-दोन वर्षांच्या पाहुण्याच्या मताची फिकीर कोणता पक्ष करणार?

सरकारही मागे नाही. विद्यार्थ्यांसाठीचा वार्षिक आरोग्य अधिभार फेब्रुवारी २०२४ मध्ये ४७० वरून ७७६ पौंड झाला. वर्षभराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळतो; त्यामुळे प्रत्यक्षात १,१६४ पौंड, तेही आगाऊ, भरावे लागतात. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात तर, ऑगस्ट २०२८ पासून इंग्लंडमधील विद्यापीठांवर प्रत्येक परदेशी विद्यार्थ्यामागे वर्षाला ९२५ पौंडांची आकारणी जाहीर झाली. पहिले २२० विद्यार्थी त्यातून वगळले आहेत. या पैशातून गरजू स्थानिक विद्यार्थ्यांना निर्वाहभत्ता मिळणार आहे. हेतू चांगलाच, पण विद्यापीठे ही रक्कम अखेर कोणाकडून वसूल करतील, हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

पुण्या-नाशिकच्या घरांत हा हिशेब रुपयांत होतो. २०२३ च्या आरंभी शंभर रुपयांच्या आसपास असलेला पौंड २०२५ मध्ये ११५ च्या वर गेला. म्हणजे शुल्क तेवढेच राहिले तरी कर्ज फुगते. हे कर्ज पौंडांतील पगारातून फेडू, या भरवशावर राहते घर तारण ठेवले जाते. नेमका तोच भरवसा आक्रसला आहे: पदवीनंतर नोकरीसाठी तेथे राहण्याची दोन वर्षांची मुदत, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी अठरा महिन्यांवर आणण्याचा निर्णय झाला आहे. कर्जाच्या हप्त्यांची मुदत मात्र तेवढीच राहणार.